एस्तेरमावशींचा बंद कूलर

"दुखलं का?"

एस्तेरमावशी हा प्रश्न कोणालाही विचारायच्या. त्या अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. आयुष्यभर माणसांना इंजेक्शनं दिली, त्यामुळे ही सवय तिथूनच लागली असणार. निवृत्तीनंतर सुई सुटली, प्रश्न मात्र राहिला. कोणी चर्चमध्ये फिरणाऱ्या थैलीत नोट टाकली, कोणी पाहुण्याला टोपल्यातली शेवटची पोळी वाढली, कोणी बोहारणीला नवी साडी देऊन टाकली, की मावशी जवळ जाऊन हळूच विचारायच्या, "दुखलं का?" समोरचा नाही म्हणाला की त्या मान हलवायच्या. "मंग ते देणं झालं. अर्पण नाई झालं."

मी बी.एस्सी.ला अमरावतीला आले तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. आमचं गाव वलगावच्या पुढे, घरी भाजीपाल्याची शेती. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे खोली कशी पाहायची असते हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. बाबांनी टरबूज वाजवून पाहतात तशी भिंत वाजवून पाहिली आणि "चांगली हाय," म्हणाले. मग सोबत आणलेली वांग्यांची पिशवी मावशींच्या हातात दिली.

मावशींनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "दुखलं का?"

बाबा आधी स्वतःच्या खांद्याकडे पाहू लागले. त्यांना वाटलं, पिशवी जड होती का असं विचारताहेत. मग प्रश्न समजल्यावर ते खरं तेच बोलले, "नाई बाई. लय पिकले हाय यंदा. बैलबी खात नाई."

मला जमिनीत जावंसं वाटलं. मावशी मात्र खूश झाल्या. "खरं बोलनारा माणूस हाय," त्या म्हणाल्या आणि खोली आम्हाला मिळाली.

मावशी उंच होत्या, किंचित पुढे झुकलेल्या. पांढऱ्या केसांचा घट्ट आंबाडा, पायात दवाखान्यातलेच पांढरे बूट. घरात सगळं उकळून घ्यायची त्यांना सवय होती. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी प्रत्येकाला इवल्याशा पेल्यात द्राक्षरस देतात. ते पेले धुवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. महिन्यातून एकदा ते सगळे पेले आमच्या कुकरमध्ये शिट्ट्या घेत असत. मी पहिल्यांदा भूक लागली म्हणून झाकण उघडलं, तर आत वरणाऐवजी पेलेच पेले.

"याच्यातून पापी लोक पेतेत, पोट्टी," मावशी म्हणाल्या. "पापाचं प्रभू पाहून घेईन. सर्दीचं मले पाहा लागते."

मी त्यांच्या धर्माची नव्हते. पण रविवारी मेस बंद असायची आणि चर्चनंतर मावशींच्या घरी सावजी रस्सा असायचा, म्हणून सुरुवातीला मी त्यांच्यासोबत जाऊ लागले. हे मी त्यांना सांगितलंही होतं. त्या म्हणाल्या, "काई हरकत नाई. पाच हजार लोकाइले जेवू घातल्याची गोष्ट हाय आमच्यात. तेबी सगळे काई ज्ञानासाठी नव्हते बसले."

तिथेच मला हनोखकाका पाहायला मिळाले. काका बडनेऱ्याला रेल्वेत होते. स्टेशनवर गाड्यांची घोषणा करून करून त्यांना प्रत्येक महत्त्वाचं वाक्य दोनदा बोलायची सवय लागली होती. "नमस्कार, सिस्टर. नमस्कार," असं ते मावशींना म्हणायचे. जेवायला बसले तर "मीठ देता का, मीठ." मंडळीत त्यांचं वजन मोठं होतं. आणि मावशींचं त्यांच्याशी जमत नव्हतं.

त्याचं एक कारण होतं कोंबडा.

हंगामाचा सण म्हणजे काय ते मी दिवाळीनंतरच्या एका रविवारी पाहिलं. सगळे लोक आपल्या पिकातलं, घरातलं काहीतरी घेऊन येतात आणि वेदीपुढे ठेवतात. ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे, संत्री, कोणी लोणच्याची बरणी, कोणी घरची कोंबडी. प्रार्थना होते आणि उपासना संपल्यावर अंगणात त्याच वस्तूंचा लिलाव होतो. ते पैसे चर्चला जातात. आमच्या गावात भाजीचा हर्रास मी लहानपणापासून पाहिला होता, पण देवाच्या दारात भोपळ्यावर बोली लागलेली पहिल्यांदाच पाहत होते. मला ते फार आवडलं.

मावशी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. तसं काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातल्या वस्तूकडे पाहून त्या काहीतरी बोलायच्या. एका बाईंनी भेट आलेला बशांचा सेट आणला होता. मावशी म्हणाल्या, "हा तुले कोणं देल्ला होता ते मले मालूम हाय. तिले बी आवडला नव्हता."

मग काका आले. बगलेत एक लंगडा, तांबडा, पिसं झडलेला कोंबडा.

"हा मांगच्या वर्षीबी आलता," मावशी म्हणाल्या.

"तोच आहे, सिस्टर. तोच."

"त्याच्या मांगच्या वर्षीबी आलता. हनोखभाऊ, याचं अर्पण नाई होऊन राहिलं. याची ये-जा चालू हाय."

खरंच तसं होतं. काका दरवर्षी तोच कोंबडा वाहायचे आणि लिलावात स्वतःच बोली लावून परत घरी न्यायचे. दुसऱ्या कोणी बोली लावलीच, तर काका त्याच्याकडे असं पाहायचे की तो माणूस घाईघाईने भोपळ्याकडे वळायचा. हे बेकायदेशीर काही नव्हतं. चर्चला पैसे मिळत होते. पण मावशींना ते पटत नव्हतं.

त्या दिवशी उपासनेत काका साक्ष द्यायला उभे राहिले. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांपुढे सांगणं. काका म्हणाले, "माझ्या घरातलं जे सर्वांत उत्तम आहे ते मी दरवर्षी प्रभूला देतो."

वेदीपुढच्या टोपल्याखालून कोंबडा आरवला.

"दरवर्षी देतो," काका सवयीप्रमाणे पुन्हा म्हणाले.

कोंबडा पुन्हा आरवला.

सगळी मंडळी माना खाली घालून हलू लागली. मला वाटलं, लोक रडताहेत. मावशींनी पदर तोंडात कोंबला होता. काकांनी घसा साफ केला आणि तिसऱ्यांदा काही न बोलता खाली बसले. घरी येताना मावशींनी मला ती जुनी गोष्ट सांगितली. येशूचा एक जवळचा शिष्य. गुरूला पकडून नेल्यावर भीतीने म्हणाला, मी ह्या माणसाला ओळखत नाही. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि मग कोंबडा आरवला. त्या दिवसापासून मावशींनी काकांच्या कोंबड्याचं नाव साक्षीदार ठेवलं.

"पण मावशी," मी विचारलं, "काका त्याले परत कायले नेतात?"

"मांजरीच्या तोंडातून काढलं होतं त्यानं त्याले, पिल्लू होतं तवा. बायको गेल्यावर घरात बोलनारं तेवढंच उरलं. जीव हाय त्याच्यात." थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "म्हनून तर म्हनते. दुखते तेच आनतो अन् दुखायच्या आंधी घरी नेतो."

दुसरं कारण होतं गुड फ्रायडे.

गुड फ्रायडेला चर्चमध्ये बारापासून तीनपर्यंत उपासना असते. येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, त्यांवर सात जण बोलतात. मावशींची फार वर्षांपासूनची एकच इच्छा होती, त्यातल्या एका उद्गारावर आपण बोलावं. दवाखान्यात त्यांनी कितीतरी माणसं शेवटच्या घटकेला पाहिली होती. त्यातली बहुतेक पाणी मागत गेली. तहानेचा जो पाचवा उद्गार आहे, त्यावर आपल्याला सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटायचं. पण सातही जण नेहमी पुरुष असायचे. आधीचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, दरवर्षी "पाहू" म्हणत आणि चौथ्या उद्गारावर नेहमी बोलणारे हनोखकाका म्हणत, "बाया बोलायला लागल्या तर तीन तासांचे पाच होतील. पाच होतील." स्वतः काकांचं भाषण सातांत सगळ्यात लांब असायचं. त्यांच्या "शेवटच्या मुद्द्या"नंतर लहान मुलं बाहेर जाऊन लपंडाव खेळून परत येत.

माझ्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी नवे, तरुण पाळकसाहेब आले होते. फेब्रुवारीत ते आमच्या घरी चहाला आले आणि म्हणाले, "सिस्टर, पाचवा उद्गार तुम्ही घ्याल का?"

मावशी उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. पाळकसाहेबांच्या चहात आधीच साखर होती. त्यांनी आणखी घातली, मग आणखी घातली. पाळकसाहेबांनी तो चहा पिऊन टाकला.

इस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्यात लोक आपल्या आवडीचं काहीतरी सोडतात. कोणी काय सोडलं याची मावशी चौकशी करत फिरायच्या. एका बाईंनी साखर सोडली होती, त्यांना मधुमेह होता. एका मुलाने झोपेत मोबाइल पाहणं सोडलं होतं. हनोखकाकांनी कारलं सोडलं होतं.

"ते तुमी खातच नाई," मावशी म्हणाल्या.

"आता तर मुळीच खात नाही, सिस्टर. मुळीच नाही."

मावशींनी कूलर सोडला.

आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्या कोणी वाचलं तर सांगते. वऱ्हाडात मार्चपासून कूलर हा घरातला माणूसच असतो. मावशींचा कूलर लोखंडी, जुना, मळणीयंत्रासारखा आवाज करणारा. मधल्या खोलीच्या खिडकीत बसवलेला. त्याच्या ताट्या भिजल्या की खसाचा वास माझ्या खोलीपर्यंत यायचा. घरात हवा द्यायला तेवढा एकच. आणि त्या वर्षी इस्टर उशिरा, एप्रिलच्या मध्यानंतर आला होता. माझी परीक्षा तोंडावर होती.

त्यात अकोल्याहून मावशींची धाकटी बहीण रूथमावशी राहायला आली. मी आता अकोल्याला शिकते, तेव्हा खरं सांगायला हवं की तिथलं ऊन जास्त आहे. पण अमरावतीत हे कोणी मान्य करत नाही आणि अकोल्यात दुसरं काही बोलत नाहीत. रूथमावशी पिशवी ठेवायच्या आधीच कूलरसमोर जाऊन उभी राहिली. बटण दाबलं. काही झालं नाही. मावशींनी वायरच काढून कपाटात ठेवली होती.

"हे काय होय, ताई?"

"उपवासकाळ हाय. कूलर सोडला म्या."

"मी अकोल्याहून कूलरसाठी आली, बाप्पा."

"तुमच्या अकोल्याचं ऊन काय ऊन हाय? इथं राहून पाह्य."

"अमरावतीचं ऊन म्हंजे आमच्या इथली सावली," रूथमावशी म्हणाली. पण दुपारी ती ओल्या चादरीत गुंडाळून फरशीवर पडली होती आणि छताला विचारत होती, "हिनं सोडलं कूलर, अन् उकडून आमी कायले राहिलो?"

मी पुस्तक उघडून बसायचे, तर घाम पानावर पडून रसायनशास्त्राची समीकरणं सुजायची. बोलायची हिंमत होत नव्हती. त्यांचा धर्म, त्यांचं घर. पण एके दिवशी मी भीत भीत विचारलं, "मावशी, आमच्या गावात नवस फेडायले बोकड कापतात. तुमच्यात कापत नाई. काहून?"

"आमच्यात आता बळी नाई. एकदाच झाला, साऱ्याइच्यासाठी. त्यानं सोताच देल्ला. त्याच्यानंतर कोनाचं रगत लागत नाई."

"मंग एकदाच झाला असंन तर कूलर काहून बंद हाय?"

फरशीवरच्या ओल्या चादरीतून रूथमावशी म्हणाली, "शाब्बास."

मावशींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता खोली गेली. मग त्या म्हणाल्या, "कूलर बंद केल्यानं माह्यं पाप फिटत नाई. तेवढं मले समजते. पन तो भर दुपारी उन्हात लटकला होता, हे कूलरच्या हवेत ध्यानात राहत नाई, पोट्टी."

"राहू दे ना तुह्या ध्यानात," रूथमावशी उठून बसली. "पन तुह्या वधस्तंभावर आमाले काहून चढवून राहिली? या पोरीची परीक्षा हाय. तिचं दुखून राहिलं, नाव तुह्यं होऊन राहिलं."

संध्याकाळी पाहते तर वायर जागेवर होती. कूलर सुरू झाला. पण मावशी घरातून गायब. त्या मागच्या छपरीत, पत्र्याखाली, खुर्ची टाकून बसल्या होत्या. तो पत्रा दिवसभर तापलेला असे.

त्यानंतर घरात हवेचे नियम सुरू झाले. कूलर माझ्यासाठी आणि रूथमावशीसाठी. मावशींच्या अंगाला त्याची हवा लागायला नको. मधल्या खोलीतून जाताना त्या भिंतीला चिकटून, श्वास रोखून जायच्या. एकदा मला चहा द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहून ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणजे काय असं विचारू लागल्या. त्यांना रसायनशास्त्रात काही रस नव्हता. पदर उडत होता आणि डोळे मिटत चालले होते. मी बेन्झीनवर बोलत राहिले. मध्येच त्या दचकल्या, "अरे देवा, चोरून खाल्ली हवा," म्हणाल्या आणि छपरीत पळाल्या.

छपरीतच त्या भाषणाचा सराव करायच्या. कागद नव्हता, सगळं तोंडपाठ. ऐकायला मी आणि चादरीतली रूथमावशी. सुरुवात अशी होती: "मी नर्स हाय. मरनारा माणूस काय मांगते ते मले मालूम हाय. तो जमीन नाई मांगत, सोनं नाई मांगत. तो चमचाभर पानी मांगते." इथे त्या थांबायच्या आणि आम्हाला विचारायच्या, "जास्त झालं का?" रूथमावशी म्हणायची, "नाई, पन मलेबी पानी दे." ते भाषण मला अजून पाठ आहे. ते फार चांगलं होतं. मला वाटतं, आमच्या कॉलेजातल्या कोणत्याही पाहुण्याच्या भाषणापेक्षा चांगलं होतं.

गुड फ्रायडेला मावशींनी पांढरी साडी नेसली, इस्त्री केलेली, इतकी कडक की बसताना तिचा आवाज झाला. तिसऱ्या बाकावर कडेला त्या, मग रूथमावशी, मग मी. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. दुसऱ्या उद्गाराला वीज गेली आणि पंखे हळूहळू थांबले. तिसऱ्या उद्गाराला लोक गीतांच्या पुस्तकांनी वारा घेऊ लागले.

चौथ्याला हनोखकाका उभे राहिले. अंगात काळा कोट. दर गुड फ्रायडेला ते आपल्या लग्नातला तोच जाड लोकरी कोट घालायचे. ते बोलू लागले. प्रत्येक वाक्य दोनदा. पहिला मुद्दा झाला, दुसरा झाला, शेवटचा मुद्दा झाला, त्यानंतर खरोखरचा शेवटचा मुद्दा सुरू झाला. मावशी ओठांतल्या ओठांत स्वतःचं भाषण म्हणत होत्या. मला त्यांचे ओठ दिसत होते. "चमचाभर पानी मांगते."

तेवढ्यात काका म्हणाले, "आणि म्हणून प्रियजनहो, आपण काय शिकतो?"

आणि थांबले.

मला वेगळं काही जाणवलं नाही. पण मावशींचे ओठ बंद झाले. "एकदाच बोलले," त्या म्हणाल्या आणि उठल्याच. त्या निम्म्या वाटेवर असतानाच काकांचे हात व्यासपीठावरून सुटले. खाली पडायच्या आत मावशींनी त्यांना कोटाच्या कॉलरला धरलं.

चौघांनी उचलून त्यांना बाहेर निंबाखाली नेलं. मावशींनी कोट काढला, पाय विटांवर उंच ठेवले, ओला टॉवेल मानेवर ठेवला. मला पाण्यात मीठ-साखर घालून आणायला सांगितलं. कोणीतरी डॉक्टरांना फोन केला, ते निघाले होते. आत मंडळी गीत गात होती. गीत संपलं, पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू झालं. मग दुसरं गीत. पाळकसाहेब दाराकडे पाहत होते. शेवटी त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि विचारून यायला सांगितलं.

"मावशी, तुमचा उद्गार हाय. पाळकसाहेब थांबले हाय."

मावशींनी दाराकडे पाहिलं. दारातून व्यासपीठ सरळ दिसत होतं, रिकामं. त्यांचा एक हात काकांच्या मनगटावर होता.

"जाय, ताई," रूथमावशी म्हणाली. "मी पाह्यते. पाच मिनिटाचं तं काम हाय."

मावशींनी डोळे मिटून नाडी मोजली. मग साडीचा पदर कमरेला खोचला. त्या कडक इस्त्रीचा पार चोळामोळा झाला. "नाडी पयून राहिली अजून," त्या म्हणाल्या. "सांग त्याइले, माह्यासाठी थांबू नका. पुढचा घ्या म्हना."

मी जाऊन सांगितलं. पाळकसाहेबांनी पाचव्या उद्गारावर एक लहानशी प्रार्थना केली आणि सहावा सुरू झाला. मी पुन्हा निंबाखाली आले, तेव्हा मावशी काकांच्या तोंडात एकेक चमचा पाणी घालत होत्या.

काकांनी डोळे उघडले. "सिस्टर, माझा शेवटचा मुद्दा राहिला."

"पुढच्या वर्षी. तोंड उघडा."

त्यांनी एक चमचा घेतला. चर्चमधून येणारा आवाज ऐकला, आणि बहुतेक कोणता उद्गार चालला आहे ते त्यांच्या लक्षात आलं. "तुमचा पाचवा, सिस्टर?"

"झाला," मावशी म्हणाल्या. "पानी घ्या."

काकांनी वर निंबाच्या पानांकडे पाहिलं. मग म्हणाले, "माफ करा." मी वाट पाहिली. ते पुन्हा म्हणाले, "माफ करा." तेव्हा मावशींनी मनगट सोडलं. "आता बरे हाय हे," त्या रूथमावशीला म्हणाल्या.

त्या संध्याकाळी छपरीत आम्ही तिघी बसलो होतो. कूलर चालू होता, पण आम्हीही बाहेरच बसलो. रूथमावशीने विचारलं, "ताई, दुखलं का?"

मावशी उठल्या. "पेले उकयाचे हाय इस्टरचे," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी कुकरने किती शिट्ट्या दिल्या कोण जाणे, त्यांनी गॅस बंदच केला नाही. शेवटी मी जाऊन बंद केला.

इस्टरच्या सकाळी उपासनेनंतर आम्ही घरी आलो, तर फाटकाशी हनोखकाका उभे. कोट नव्हता, साधा सदरा. बगलेत साक्षीदार.

"आज लिलाव नाई, हनोखभाऊ," मावशी म्हणाल्या.

"लिलाव नको, सिस्टर. नको." त्यांनी कोंबडा पुढे केला. कोंबड्याने पाय झाडले. "हा तुमचा. परत नेणार नाही. तुम्ही कापा, ठेवा, तुमची मर्जी." तुमची मर्जी हे ते एकदाच बोलले.

मावशींनी कोंबडा घेतला. काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

"दुखलं का?"

काकांनी नुसती होकाराची मान डोलावली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा तशीच मान डोलावली, दुसऱ्यांदा.

"रोज संध्याकायी येत जा त्याले पाहायले," मावशी म्हणाल्या. "चहाबी होईन."

काकांनी जरा विचार केला. "मग ते अर्पण होईल का, सिस्टर?"

"आता मले नका शिकवू," मावशी म्हणाल्या.

माझी परीक्षा मेमध्ये संपली. पुढे मला अकोल्याला जायचं होतं, म्हणून खोली सोडायची होती. बाबा न्यायला आले. हातात सांबाराची मोठी जुडी होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो आणि मे महिन्यात ती आमच्याकडे हाताला लागत नाही. बाबांनी ती निंबाच्या सावलीत, रोज घागरीने पाणी घालून जगवली होती. मावशींनी जुडी घेतली. त्यांनी तोंड उघडायच्या आत बाबा घाईने म्हणाले, "बाई, या टायमाले दुखलं."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

सामान गाडीवर बांधून झाल्यावर मी निरोप घ्यायला पुन्हा आत गेले. उपवासकाळ केव्हाच संपला होता. कूलर पूर्ण जोरात चालू होता, मळणीयंत्रासारखा. समोर मावशींची आरामखुर्ची होती आणि तिच्यात, नेमका हवेच्या झोतात, साक्षीदार डोळे मिटून बसला होता. त्याची उरलेली पिसं मागे उडत होती. मावशी कोपऱ्यात स्टुलावर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. एका हातात बाबांचा सांबार होता. त्यातलं एकेक पान खुडून त्या कोंबड्याला भरवत होत्या.

"मावशी, त्याले उठवा ना. तुमी बसा हवेत."

"झोपला हाय तो," मावशी हळू आवाजात म्हणाल्या आणि बोट ओठावर ठेवलं.